आत्याची पाठ

पाठीत बसला तो गुद्दा होता, धपाटा नव्हता. धपाट्याचा पंजा उघडा असतो, आवाज मोठा आणि मार थोडा. तो खायला माणूस हसत हसत पाठ देतो. हा मिटलेल्या मुठीचा होता, लहान आणि टणक, बोरीच्या लाकडासारखा. तो इंदिराबाईंच्या दोन्ही फऱ्यांच्या मधोमध असा बसला की आत घेतलेला श्वास आतच अडकला आणि डोळ्यांपुढचा पाळणा, पाळण्यावरची झेंडूची माळ, पत्र्याच्या भोकातून उतरलेला उन्हाचा पट्टा, सगळं एकदा पांढरं होऊन परत आलं. पोट्टे हसतच होते. पत्रू ओरडत होता, "बाई, मी दोनदा मारतो ना, मांगच्या वर्षी माझा नंबर राह्यला!" आचल त्याला मागे ओढत होती, "तू मारशीन तं बाई नाताळ पाह्यतीन का?" आणि त्या ढकलाढकलीच्या मागे, भिंतीला पाठ लावून, नंदिनी उभी होती. पहिलीतली पोर. ती हसत नव्हती, घाबरलीही नव्हती. स्वतःच्या मुठीकडे पाहत होती, आणि मूठ अजून मिटलेलीच होती.

ऊर्जानगरच्या मागल्या अंगाला, जिथे कंपनीच्या बसेस वळतात आणि रस्त्याच्या कडेच्या रुईवरही वीजकेंद्राच्या राखेची साय धरते, तिथे हे पत्र्याचं चर्च. नाताळच्या सकाळी इथे बाळ येशूचं बारसं होतं. म्हणजे अगदी बारसंच. वैनगंगेच्या काठावरून इथे आलेल्या ढिवर, म्हणजे मासेमार घरांनी आज्या-पणज्यांच्या काळी देव बदलला, पण बारसं बदललं नाही. पाळणा सजवायचा, बाळाची बाहुली त्यात निजवायची, पोरांनी पाळणा म्हणायचा, मग आत्याने बाळाच्या कानात नाव सांगून ‘कुर्रर्र’ करायचं आणि सगळ्यांनी आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे. येशूला आत्या कुठून आणणार? म्हणून लग्न न केलेल्या, दवाखान्याच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या, सगळ्या पोरांना गाणी शिकवणाऱ्या इंदिराबाई वर्षानुवर्षे त्याच्या आत्या होत्या. देवाच्या लेकराची आत्या! हा मान त्यांना इतका गोड वाटे की धपाटे खाऊन दुखरी झालेली पाठ घेऊन त्या नाताळचं जेवण वाढत फिरत आणि कोणी विचारलं की म्हणत, "दुखन्यात बी मजा असते ना."

पण आज नाताळची तालीम धपाट्यांच्या आधीच बिघडली होती. सातवं कडवं संपलं, ‘नीज रे राजा नीज’ म्हणून सगळे थांबले, आणि त्या शांततेत नंदिनीने एकटीने पुन्हा पहिलं कडवं सुरू केलं. ‘पहिल्या दिशी गोठ्यात उजेड, गवताच्या काडीला सोन्याची कड.’ बारीक आवाज, सुरात, डोळे दाराकडे. पोट्टे खदखदून हसले. कालही असंच झालं होतं, परवाही. इंदिराबाईंनी पेटीचा भाता दाबून बंद केला, "नंदिनी, संपलं ना बेटा. आता नाव ठेवाचं." ढोलकीवर बसलेला तिचा बाप धनराज हसला. "तिले डोस्कंच नाई, बाई. मायवर गेली." असं म्हणून त्याने हात लांब करून लेकीच्या डोक्यावर ठेवला, केस कुरवाळले. धनराज सगळ्यांचा लाडका. कोळशाच्या ठेक्यावर कामाला, अंगाने पहिलवान, गळ्याने गोड. मागच्या उन्हाळ्यात बिबट वस्तीत शिरला तेव्हा नुसती काठी घेऊन त्याच्या अंगावर धावलेला एकटा हाच. तो हात डोक्यावर आला आणि नंदिनी थांबली. गाणं थांबलं, मान थांबली, पापणी थांबली. जाळ्यातला मासा आधी उसळतो, आपटतो, आणि मग एका क्षणी काही ठरवल्यासारखा उसळणंच सोडून देतो, तशी. मग नाव ठेवलं, धपाटे सुरू झाले, आणि तो गुद्दा आला.

अंधार पडायच्या आत तालीम संपवावी लागे, बिबटाच्या भीतीने. पोट्टे घोळक्याने निघून गेले. इंदिराबाई आपल्या दोन खोल्यांकडे चालू लागल्या तेव्हा पाठ आतून धगधगत होती. घरी त्यांनी आरशाकडे पाठ करून पाहिलं. वय झालेल्या कातडीवर एक जांभळा डाग उठत होता, चिंचोक्याएवढा. तो पाहून रडू यायला हवं होतं, किंवा राग. आला तो वास. ओल्या जाळ्याचा, शेवाळाचा, रॉकेलच्या दिव्याचा. वडशाजवळच्या लहानपणच्या घराचा. त्या वासात नेहमी आधी बाबाच यायचे, आणि आधी यायचे ते उभे राहिलेले, कीर्तनातले. शालिकरामबुवा! देसाईगंजपासून थेट जंगलातल्या गावांपर्यंत ज्यांचं नाव ऐकून माणसं बैलगाड्या जुंपत. पांढरं धोतर, कमरेला उपरणं, हातात चिपळ्या. उपरणं डोक्यावर घेतलं की मरिया, कमरेला आवळलं की हेरोद राजा, खांद्यावर टाकलं की म्हातारा योसेफ. अभंगाच्या चालीवर शुभवर्तमान असं उतरे की दुसऱ्या देवाची माणसंही मान डोलवत बसत. हेरोदाने बेथलेहेमची लेकरं कापली तो प्रसंग ते गात नसत, बोलतही नसत. चिपळी नुसती उंच धरत आणि थांबत. मांडवातल्या प्रत्येक आईचा हात आपल्या लेकराच्या डोक्यावर जाई. मग त्या शांततेतून, अगदी तळातून, त्यांनी स्वतः रचलेला हा पाळणा निघे. मागे झांज धरून उभ्या असलेल्या लहानग्या इंदूला तेव्हा वाटे की देव आहे, इथेच आहे, बाबांच्या गळ्यात बसलाय. इंदिराबाईंना ते आजही वाटे. आयुष्यात जेवढं म्हणून चांगलं त्यांच्या वाट्याला आलं, ते गाण्यातून सांगितलेल्या देवाच्या शब्दातूनच आलं होतं. त्यात खोट नव्हती.

आणि त्याच कीर्तनातून परत आलेले बाबा. भाकरी थंड का, मंडपात त्या माणसाकडे पाहून हसलीस का, कंदील काऊन मोठा केला. काहीही. हातात येईल ते. एकदा चिपळीच. एकदा भिंतीवरचं फेकजाळं, ज्याच्या कडेला शिशाचे मणी ओवलेले असतात. ते आईच्या, अंजनाबाईच्या, पाठीवर उठले तेव्हा सकाळी नदीवर आंघोळ करताना इंदूने पाहिलं होतं, गोल गोल निळ्या खुणा, रांगेने, एखाद्या दागिन्यासारख्या. आई ओरडत नसे. मार खाताना ती हुं हुं असा एक आवाज काढी, जात्यावर बसलेली बाई काढते तसा, आणि तो आवाज इंदू गोधडीतून ऐके, दातांत गोधडीची कड धरून. मग तो थांबे. पावलं झोळीकडे येत. जुन्या लुगड्याच्या झोळीत धाकटा असे. दोरीची करकर सुरू होई आणि त्यावर तोच गळा, दमलेला, घामेजलेला, पण सुरात: ‘पहिल्या दिशी गोठ्यात उजेड.’ ते ऐकलं की इंदूचे दात गोधडी सोडत. संपलं. आता काही होणार नाही. देव बाहेर गेला होता तो परत आला. सातव्या कडव्याच्या आधीच तिला झोप लागे. इतकी वर्षं उलटली, पण रात्री मनात काही उसळलं की इंदिराबाई तो पाळणा मनातल्या मनात म्हणत आणि निजत. बापाने जे केलं त्याची त्यांनी क्षमा केली होती ती या एका गोष्टीपायी. मारून झाल्यावर तो गात होता. म्हणजे आत कुठेतरी माणूस रडत होता.

म्हणूनच त्यांना वाटलं की नंदिनीचं दुखणं आपल्याला कळलं. त्या गुद्द्याचा अर्थ कळायला त्यांना कोणाची गरज नव्हती. दवाखान्यात अशा बाया त्यांनी पुष्कळ पाहिल्या होत्या, न्हाणीत घसरलेल्या, दाराला आपटलेल्या. दुसऱ्या दिवशी त्या मुद्दाम लवकर आल्या. नंदिनीही आली होती, एकटीच, बापाची ड्युटी सुटायची होती. इंदिराबाईंनी तिला पाळण्यापाशी बसवलं, माळेतली वाळकी फुलं तोडायला दिली आणि आपणही तोडू लागल्या. "तुझा बाबा घरी पाळना म्हन्ते?" पोरीने मान हलवली. "प्रफुलसाठी. तो झोपत नाई ना." प्रफुल म्हणजे तिचा तान्हा भाऊ. "कसा म्हन्ते?" "मस्त म्हन्ते." आवाजात अभिमान होता, खरा. तोच अभिमान, झांज धरून उभा राहिलेला. त्यांनी फूल खाली ठेवलं, पोरीचा हात हातात घेतला. "हे पाह्य नंदू. माझा बी बाबा म्हनायचा. मी पन भेत होती. पन गानं सुरू झालं की समजाचं, झालं, सरलं सगळं. मंग भ्याचं नाई. मंग खुशाल झोपाचं." नंदिनीने त्यांच्याकडे पाहिलं. मोठी माणसं चुकीचं बोलतात तेव्हा लहान मुलं पाहतात तसं, जरा कीव केल्यासारखं. "नाई बाई," ती म्हणाली. "गानं सरलं का सुरू होते." "काय सुरू होते?" "आधी तो प्रफुलले झोपवते. तो मंधात उठून रडला तं बाबाले नाई आवडत. प्रफुल झोपला, गानं सरलं, का दार लावते. मंग मायले." फूल चुरगळत ती बोलत होती, शाळेतला धडा सांगावा तसं. "म्हनून मी झोपतच नाई. मी म्हन्तो, बाबा, पुन्हा पहिल्यापासून. कदी कदी म्हन्ते. तीन-तीन वेळा म्हन्ते. मंग त्यालेच झोप लागते." आणि मग, ज्याची आपल्याला लाज वाटायला हवी असं काही सांगावं तशी मान खाली घालून, "तुम्ही बंद करता ना पेटी. म्हनून मारलं."

त्या दिवशी तालीम कशी झाली ते इंदिराबाईंना आठवत नाही. भाता हलत होता, पोरांची तोंडं उघडत-मिटत होती. धनराज आला, ढोलकी मांडीखाली घेतली, अंगठ्याने कातडं दाबून स्वर पाहिला, आणि त्या रुंद, कोळशाने काळ्या पडलेल्या नखांच्या बोटांकडे पाहताना त्या मागे कुठेतरी पडत चालल्या होत्या, विहिरीत सुटलेल्या बादलीसारख्या. इंदूला सातव्या कडव्याआधी झोप लागायची. म्हणजे सातव्या कडव्यानंतर काय झालं ते इंदूने कधी ऐकलंच नव्हतं. रात्रीचे घाव तिने गोधडीतून ऐकले होते, तेवढेच तिने धरले होते. पण सकाळचे? जे सकाळी जास्त असायचे? आईचं ते मनगट, जे रात्री गोधडीतून पाहिलं तेव्हा कंदील उचलत होतं आणि सकाळी भोपळ्यासारखं सुजलेलं. आणि आईचा डावा कान. त्या रात्री तर मारच नव्हता! त्या रात्री बाबा हसतमुखाने आले होते, आल्याआल्या धाकट्याला झोळीत घातलं, गायले, आणि इंदू निर्धास्त झोपली. सकाळी आईच्या डाव्या कानातून पिवळं पाणी येत होतं आणि त्यात रक्ताची दोरी. पुढे मरेपर्यंत आई चर्चमध्ये उजवीकडे मान वळवून बसे. लोकांना वाटे, किती तल्लीन होते ही बाई. म्हणजे इंदू झोपत होती ते अभयाने नव्हे. तिला झोपवलं जात होतं. गाणं हा शेवट नव्हता, दाराची कडी होती ती. आणि आपण आयुष्यभर ती कडी देवाचा हात समजून कुरवाळत आलो. त्यांनी मान वर केली. पोरं सहाव्या कडव्यावर होती, ‘गावच्या पाळण्यांवर एकच वार’, आणि गोड हसत होती, कारण बाईंनी त्यांना सांगितलं होतं, पाळणा हसून म्हणायचा असतो.

मग जे दिवस गेले ते रागाचे होते. अशा रागाची त्यांना सवय नव्हती. लसूण ठेचताना वरवंट्याखाली त्यांना ती बोटं दिसत, एकेक सांधा, आणि हात थांबत नसे; ठेचा होऊन चटणीचं पाणी झालं तरी थांबत नसे. कोंबडीवाल्याकडे रांगेत उभ्या असताना तो पंख पिरगाळून मान कापी आणि डब्यात टाकी, झाकणाखाली फडफड चाले, बराच वेळ, आणि इंदिराबाई आपण झाकणावर हात दाबून धरलाय असं समजून स्वतःच्या पिशवीचा बंद पिळत. एकदा स्वप्नात त्यांनी फेकजाळं फेकलं. ते सुंदर गोल उघडलं, आणि शिशाचे मणी धनराजच्या तोंडावर पडले. मग तोंड बाबांचं झालं. त्यांनी जाळं ओढून परत फेकलं. उठून गुडघ्यावर बसल्या. प्रार्थनेला शब्द येईनात. पवित्र पुस्तकात दात पाडायला सांगणारी स्तोत्रं आहेत, ती त्यांनी तरुणपणी भराभर उलटून टाकली होती. आता तीच तेवढी खरी वाटली. ‘प्रभू, मी तुझी आत्या,’ त्या म्हणाल्या, ‘तुला एवढी वर्षं निजवलं. आता तू जागा राहा.’

चर्चच्या पाळकसाहेबांकडे त्या गेल्या. भला माणूस, त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला, आणि ऐकून घेतल्यावर डोळे मिटले. "बाई, नवरा-बायकोचं असते. आपन प्रार्थना करू. धनराजसारखा सेवक नाई हो आपल्या मंडळीत. अन् कोनी पाह्यलं तं नाई ना?" तेवढंच ते वाक्य इंदिराबाईंच्या कानात राहिलं. कोणी पाह्यलं तर नाही. खरंच कोणी पाहिलं नव्हतं. अंजनाबाईचंही कोणी पाहिलं नव्हतं. पाहणारी झोपली होती.

नाताळच्या आधी चर्च सारवायला बाया जमतात. रोशनी, नंदिनीची आई, हातभर पदर ओढून कोपरा सारवत होती. इंदिराबाई तिच्या शेजारी बसल्या आणि सारवता सारवताच बोलल्या, तिच्याकडे न पाहता. रोशनीचा हात थांबला नाही, फक्त हळू झाला. "पोट्टीनं सांगतलं का? सांगते ते. घरचे मारतीन तिले आता." मग बऱ्याच वेळाने, "वडशाले भाऊ आहे माझा, मुखरू. नाटक कंपनीची गाडी चालवते. ये म्हन्ते. पन निघू कशी बाई? याची ड्युटी असली का सासू दारात बसते. अन् हा म्हन्ते, तू जाय, पोट्टे इथीच राह्यतीन. चर्चमंधी तेवढी सासू येत नाई गुडघ्यापाई, तं इथी हा राह्यते." "इथी हा ढोलकीवर राह्यते," इंदिराबाई म्हणाल्या. "पाळना चालू आहे तोवर उठता येत नाई त्याले." रोशनीने प्रथमच मान वर केली. तिच्या खालच्या ओठाला आतून टाका घातलेला होता. ती हसली म्हणून दिसला. "पाळना तं जरासाच राह्यते, बाई." "तुझ्या पोरीले विचार," इंदिराबाई म्हणाल्या, "कितीक राह्यते ते." मुखरूला निरोप गेला तो इंदिराबाईंच्या फोनवरून. नंदिनीला त्यांनी एवढंच सांगितलं, "या वेळी तू पुन्हा सुरू केलं तं मी पेटी बंद नाई करनार. दुसऱ्यांदा पहिलं कडवं आलं का पाळन्यातल्या बाळाले उचल अन् म्हनत म्हनत दारापाशी जा. मायकडे. मांगं पाहू नको."

नाताळची सकाळ थंड होती. धुकं आणि धूर एकमेकांत मिसळून चर्चच्या खिडक्यांना टेकले होते. माणसं गच्च. नवी लुगडी, अत्तर, शालींना डांबरगोळ्यांचा वास. धनराजने पांढरा सदरा घातला होता, कपाळावर तेलकट केस, आणि त्याने इंदिराबाईंना वाकून नमस्कार केला, "आत्याबाई, आज पाठ तयार ठेवजा!" माणसं हसली. इंदिराबाईही हसल्या. पेटीवर बोटं ठेवली तेव्हा ती गार होती, दुसऱ्या कोणाची तरी असावीत अशी. बायकांच्या बाजूला, दाराच्या अगदी कडेला, रोशनी मांडीवर प्रफुलला घेऊन बसली होती. बाहेर कुठेतरी एक गाडी येऊन थांबली, इंजिन बंद न करता.

पाळणा सुरू झाला. काय गायली पोरं! देवाने त्या लेकरांचे गळे स्वतः धुऊन ठेवले असावेत, असं गायली. म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. सहाव्या कडव्याशी ढोलकीचा ठेका जड झाला, हेरोदाची माणसं आली, धार उपसली. सातव्याशी तो मऊ झाला. ‘सातव्या दिशी वाटेला धूळ, माउलीच्या पदरात झाकलं मूल.’ रोशनी उठली. तान्हं रडतंय म्हणून आई उठावी, तशी खांद्यावर पोर थोपटत, आणि दाराबाहेर गेली. ‘नीज रे राजा नीज.’ धनराजने शेवटची थाप मारायला हात उचलला. इंदिराबाईंनी नंदिनीकडे पाहिलं. नंदिनी बापाच्या उचललेल्या हाताकडे पाहत होती. तिचं तोंड उघडलं आणि त्यातून काही आलं नाही. ती थांबली होती, मान, पापणी, सगळं. थाप पडणार होती आणि सगळं संपणार होतं, म्हणजे सुरू होणार होतं. तेव्हा इंदिराबाईंनी भाता उघडला आणि स्वतःच्या फाटक्या, म्हाताऱ्या गळ्याने म्हटलं, ‘पहिल्या दिशी गोठ्यात उजेड.’ एकट्याच. मग पत्रू खिदळला, "पुन्हा!" आणि ओरडल्यासारखा त्यांच्या सुरात शिरला, आचल शिरली, सगळेच शिरले, कारण इतक्या दिवसांत त्यांना हे पाठच झालं होतं. मंडळीला वाटलं, यंदाचं नवीन असेल. माणसं टाळ्यांनी ताल धरू लागली. नंदिनीने पाळण्यातून बाहुली उचलली. म्हणत म्हणत, मागे न पाहता, दोन बाकांच्या मधल्या वाटेने ती चालली, आणि कडेच्या बाया हात लांब करून बाळाच्या पायांना शिवत होत्या.

धनराजने तिला जाताना पाहिलं. मग दाराकडची रिकामी जागा पाहिली. त्याच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. हललं ते हातात. ठेका दुप्पट झाला. पाळणा पळवत न्यायचा, संपवायचा आणि उठायचं. इंदिराबाईंनी भाता तसाच ठेवला, जड, संथ, बैलगाडीच्या चाकासारखा. तो ओढत होता, त्या धरून होत्या. पोरं एकदा त्याच्याकडे जात, एकदा यांच्याकडे परत येत. तिसऱ्या कडव्यात त्याच्या कपाळावरून घाम टपकला, चौथ्यात त्याने अंगठा नव्हे, मूठच कातड्यावर घातली, आणि तो आवाज ऐकून इंदिराबाईंच्या पाठीतला जुना डाग उघड्या डोळ्यासारखा जागा झाला. असाच तो आवाज असणार. असाच, सातव्या कडव्यानंतर, दार लावल्यावर. इतकी वर्षं न ऐकलेला तो त्या आज ऐकत होत्या, सगळा, एकेक करून, दातांत गोधडी न धरता, आणि त्यावर गात होत्या. ‘सहाव्या दिशी उपसली धार’ आणि ढोलकीचं कातडं फाटलं. थाडकन. पोरं गप्प झाली. बाहेर गाडीचं दार लागलं आणि गियर पडला.

धनराज उठला. फुटकी ढोलकी गडगडत पाळण्याला लागली आणि पाळणा रिकामाच हलू लागला. दाराकडे जायची वाट एकच होती, पाळणा आणि पहिला बाक यांच्या मधली. त्या वाटेत इंदिराबाई कधी येऊन उभ्या राहिल्या ते त्यांनाही कळलं नाही. "बाई, सरका." तो हळू म्हणाला, प्रार्थनेत बोलावं तसा. त्या सरकल्या नाहीत. त्या वळल्या. रिकाम्या पाळण्यात वाकल्या आणि साऱ्या मंडळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बाळाचं नाव येशू! कुर्रर्र!" आणि तशाच वाकून राहिल्या, दोन्ही हात पाळण्याच्या दांडीवर, पाठ त्याच्यापुढे.

गुद्दा आला. उघड्या पंज्याचा नव्हता. पहिला बसला आणि इंदिराबाईंना ओळख पटली, त्या लहान मुठीतला हाच होता, तिथे बी होतं, इथे झाड. दुसरा बसला तेव्हा आत काहीतरी काडीसारखं मोडलं आणि सगळं पांढरं झालं. झेंडू, ऊन, माणसं. त्या पांढऱ्यातून त्यांनी मान वळवून पाहिलं. पाळकसाहेबांचं तोंड उघडं होतं. बाया उभ्या राहिल्या होत्या, म्हातारे उभे राहिले होते, आणि सगळे, सगळे पाहत होते. तिसऱ्यासाठी उचललेला हात कोणीतरी मागून धरला, मग आणखी कोणी, मग पाचदहा हातांनी. धनराज त्यांच्यात उसळत होता, आपटत होता. बाहेर गाडीचा आवाज दूर जाऊ लागला होता, वळणावर पोचला, रस्त्याला लागला, आणि मग नुसतं धुकं उरलं.

पोट्टे भिंतीला चिकटून उभे होते, धपाट्यांसाठी उघडलेले पंजे तसेच हवेत. काय झालं ते त्यांना नीट कळलं नव्हतं. मग पत्रू दोन पावलं पुढे आला, इंदिराबाईंच्या तोंडाशी वाकला आणि कुजबुजला, "बाई, आता काय करू? पुन्हा पहिल्यापासून?"

इंदिराबाईंनी मान हलवली, हो. श्वास अजून आला नव्हता.